घरातले डायलिसिस : यंत्र घरी येते, तेव्हा दवाखानाही घरात येतो

किडनी निकामी झालेल्या रुग्णांच्या कुटुंबांसोबत आम्ही गेली काही वर्षे काम करतो आहोत. योजनेची कागदपत्रे गोळा करणे, दवाखान्यात सोबत जाणे, घरच्यांशी बोलणे असे हे काम आहे. या कामात पाहिलेल्या दोन घरांबद्दल आज लिहायचे आहे.

पहिले घर उत्तर नागपुरातले. सर निवृत्त शिक्षक, काकू गृहिणी, मुलगा पुण्यात नोकरीला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेला फ्लॅट. एका खोलीत डायलिसिसचे यंत्र बसवले आहे. खासगी संस्थेचा तंत्रज्ञ आठवड्यातून तीनदा घरी येतो आणि खर्चाचा मोठा भाग मुलगा उचलतो.

दुसरे घर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. दादा ३८ वर्षांचे, बांधकामावर मिस्त्री होते. दहा बाय बाराची टिनाची खोली, तीत वहिनी, दोन मुले आणि म्हातारी आई. डायलिसिस सरकारी दवाखान्यात मोफत होते, पण त्यासाठी आठवड्यातून तीन दिवस पहाटेची एसटी पकडायची आणि दिवे लागल्यावर घरी परतायचे.

बोलता बोलता आम्ही सरांच्या घरचे सांगितले, तेव्हा दादांनी विचारले, "सरांसारखी मशीन आमच्या घरी नाही का येत जी?" त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर आम्ही नंतर शोधत गेलो. तेच इथे मांडत आहोत.

आठवड्याचे १६८ तास

निरोगी किडनी आठवड्याचे सगळे १६८ तास काम करते. रक्तातली घाण आणि जास्तीचे पाणी बाहेर टाकते, पोटॅशियमसारख्या क्षारांचे प्रमाण राखते, रक्तदाब सांभाळते. ती बंद पडली की हे काम यंत्राकडे जाते. रक्ताच्या डायलिसिसमध्ये, म्हणजे हिमोडायलिसिसमध्ये, हातातल्या फिस्टुलात दोन सुया लावतात. एकीतून रक्त बाहेर येते, फिल्टरमधून जाते आणि दुसरीतून शरीरात परत जाते. साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. म्हणजे १६८ तासांचे काम १२ तासांत उरकायचे. डायलिसिस झाल्यावर रुग्ण गळून का जातो आणि दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत त्याला इतके जपावे का लागते, हे या आकड्यांवरून कळते.

घरी डायलिसिस करण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या सिएटल शहरात १९६० मध्ये दीर्घकाळ डायलिसिस देणे पहिल्यांदा शक्य झाले. पण यंत्रे मोजकी आणि रुग्ण पुष्कळ. मग कोणाला जगवायचे हे ठरवायला तिथे नागरिकांची एक समिती बसवली गेली. रुग्णाची कमाई, नोकरी, कुटुंब, समाजातले स्थान यांचा विचार करून ती निवड करत असे. १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने हे छापले तेव्हा मोठी चर्चा झाली. १९६४ च्या सुमारास सिएटल, बॉस्टन आणि लंडन इथे घरगुती डायलिसिस सुरू झाले, त्यामागे जागेची आणि पैशाची ही टंचाईही होती. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेने किडनी निकामी झालेल्या बहुतेक रुग्णांचा खर्च सरकारी विम्यात घेतला.

आपल्याकडे अशी समिती नाही. पण घरी डायलिसिस कोणाला मिळेल, याची निवड इथेही होते. ती घर करते. कशी, ते पाहू.

एका सत्राला १२० लिटर

डायलिसिसच्या यंत्रात रक्ताशेजारून एक द्रावण वाहते, साधारण मिनिटाला अर्धा लिटर. चार तासांत १२० लिटर. हे पाणी पिण्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी शुद्ध लागते. आपण पितो त्या पाण्यातली अशुद्धी पोटात, आतड्यांत अडते. इथे पाणी आणि रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. नळाच्या पाण्यातले क्लोरिन नीट काढले नाही, तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ साली एका केंद्राच्या पाण्यात शेवाळाचे विष आले आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले.

म्हणून घरी यंत्र आणायचे तर सोबत आरओ संयंत्र, कार्बनचा फिल्टर, पाण्याची टाकी आणि सांडपाण्याची सोय लागते. आरओमध्ये बरेच पाणी वाया जाते, त्यामुळे १२० लिटर शुद्ध पाण्यासाठी प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त पाणी हाताशी असावे लागते. पाण्याची तपासणी ठरलेल्या वेळी करावीच लागते. परदेशात २० ते ३० लिटर तयार द्रावणावर चालणारी छोटी घरगुती यंत्रे निघाली आहेत, पण आपल्याकडे घरी बसवतात ती बहुतेक केंद्रातलीच मोठी यंत्रे असतात.

दादांच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. वहिनी दोन गुंड पाण्यासाठी रांगेत उभ्या राहतात. त्या घरात हे १२० लिटर कुठून आणायचे?

पाण्यानंतर वीज. सरांच्या घरी एकदा डायलिसिस चालू असताना लाइट गेली. यंत्राच्या बॅटरीवर काही मिनिटे पंप चालला आणि तिने दम तोडला. तंत्रज्ञाने पंपाचा दांडा हाताने फिरवून रक्त शरीरात परत पोहोचवले. वेळ गेला असता तर नळ्यांत आणि फिल्टरमध्ये असलेले रक्त गोठून वाया गेले असते. त्यानंतर सरांनी मोठा इन्व्हर्टर बसवला. दादांच्या गावी पावसाळ्यात वीज गेली की दुसऱ्या दिवशी येते.

मग जागा. यंत्र, खुर्ची किंवा खाट, आरओ, महिन्याभराचे फिल्टर, नळ्या, द्रावणाचे कॅन, सलाइनच्या बाटल्या. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद करून दवाखान्याच्या कचरा व्यवस्थेकडे द्याव्या लागतात. त्या घंटागाडीत टाकल्या, तर हाताने कचरा वेगळा करणाऱ्या आपल्याच सफाई कामगाराच्या हातात घुसतात.

चार तासांचे सहा तास

लोकांना वाटते, घरी यंत्र आले म्हणजे सुटका झाली. प्रवास वाचतो हे खरे. केंद्रातल्या गर्दीतून होणारा संसर्गही टळू शकतो. परदेशात घरी डायलिसिस करणारे बरेच रुग्ण आठवड्यातून पाच-सहा वेळा थोडा थोडा वेळ किंवा रात्री झोपेत सहा ते आठ तास डायलिसिस करतात. त्यामुळे रक्तदाब आणि फॉस्फरस चांगले आटोक्यात राहतात. आपल्याकडे मात्र तंत्रज्ञ ठरलेल्या वेळी येतो, म्हणून घरीसुद्धा बहुधा तेच तीन दिवस, तेच चार तास.

आणि ते चार तास कधीच चार नसतात. आधी यंत्र निर्जंतुक करायचे, नळ्या सलाइनने धुऊन त्यातली हवा काढायची, क्लोरिनची चाचणी, वजन, रक्तदाब. मग सुया. डायलिसिस संपल्यावर सुया काढून रक्त थांबेपर्यंत दाबून धरायचे, पुन्हा वजन, पुन्हा रक्तदाब, यंत्राची सफाई, कचरा. सरांच्या घरी सहा तास सहज जातात.

मधल्या वेळात काय होऊ शकते, हे घरच्यांना माहीत असावे लागते. पाणी जास्त वेगाने काढले गेले की रक्तदाब उतरतो, पायात गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी पाणी काढणे थांबवून पाय वर करायचे, गरज पडल्यास सलाइन द्यायचे. सर्वात मोठी भीती सुई निसटण्याची. मिनिटाला पाव लिटरहून जास्त रक्त फिरत असते, त्यामुळे सुई निघाल्याचे कळायला उशीर झाला तर जीव जाऊ शकतो. म्हणून फिस्टुलाचा हात पांघरुणाखाली झाकायचा नाही, चिकटपट्टी पक्की लावायची आणि रुग्णाला एकटे सोडायचे नाही.

फिस्टुला ही रुग्णाची जीवनवाहिनी. त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, इंजेक्शन घेऊ द्यायचे नाही, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ नको, त्या हाताने जड ओझे नको, तो हात उशाखाली घेऊन झोपायचे नाही. रोज सकाळी बोट ठेवून त्यातली थरथर पाहायची. थरथर लागली नाही तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

४५ अंशांत एक लिटर

विदर्भाचा उन्हाळा आणि डायलिसिस यांचे वैर आहे. लघवी कमी झालेल्या रुग्णाला दिवसभरात किती पाणी प्यायचे, ते डॉक्टर ठरवून देतात. अनेकांना ते जेमतेम एक लिटरच्या आसपास असते आणि त्यात चहा, ताक, वरण, रस्सा सगळे धरायचे. बाहेर ४५ अंश तापमान, घरावर टिन. दादा म्हणायचे, "भूक सहन होते, तहान नाही."

अंगात साठलेले एक लिटर पाणी म्हणजे काट्यावर एक किलो वजन. म्हणून घरी वजनकाटा असावा आणि रोज सकाळी वजन करावे. तहान मुख्यतः मिठामुळे वाढते. लोणचे, पापड, सुकट, फरसाण आणि सावजीचा रस्सा इथेच अडचण होते. लहान पेला वापरणे, बर्फाचा खडा चघळणे, ओल्या फडक्याने अंग पुसणे यांनी थोडा आराम मिळतो.

पोटॅशियम वाढले तर हृदय अचानक बंद पडू शकते. संत्री, केळी, नारळपाणी, टोमॅटो, बटाटा, पालेभाज्या यांत ते भरपूर असते. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळावी, ते पाणी फेकून द्यावे आणि मग फोडणी द्यावी. 'कमी सोडियमचे मीठ' आरोग्याला चांगले म्हणून विकले जाते, पण त्यात बरेचदा पोटॅशियम असते. डायलिसिसच्या रुग्णाने ते घेऊ नये. कमरख हे फळ तर अजिबात खाऊ नये, त्यातले विष मेंदूवर परिणाम करते. दुसरीकडे प्रथिने मात्र जास्त लागतात. अंड्याचा पांढरा भाग हा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग. पथ्याचा तक्ता प्रत्येकाचा वेगळा असतो, तो आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

काकूंची नोकरी

सरांच्या घरी आम्ही जातो तेव्हा सगळे सरांची विचारपूस करतात. काकूंची कोणी करत नाही. चार वर्षांत त्या एकदाही माहेरी मुक्कामाला राहिलेल्या नाहीत. वजन आणि रक्तदाबाची वही त्या लिहितात, सामानाचा हिशेब ठेवतात, भाजी दोनदा शिजवतात, डायलिसिसच्या वेळी खोलीबाहेर जात नाहीत. रात्री सरांचा श्वास ऐकत जागतात. दवाखान्यात हेच काम परिचारिका, तंत्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ मिळून करतात आणि त्याचा पगार घेतात. घरी आले की ते 'बायकोचे कर्तव्य' होते.

समाजशास्त्र शिकताना आम्ही विनामोबदला श्रमाबद्दल वाचले होते, ते काकूंच्या घरी रोज दिसते. किडनी द्यायची वेळ आली की आपल्या देशात जिवंत दात्यांत बायकाच जास्त आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुष जास्त, हेही याच घरातून समजते. एखादी बाईच डायलिसिसवर गेली, तर तिच्यासाठी चार तास कोण बसते, हा प्रश्न आपण आपल्या घरात विचारायला हवा.

म्हणून घरगुती डायलिसिसचा खर्च मोजताना यंत्र, सामान, वीज, पाणी यांच्याबरोबर काकूंचा वेळही मोजला पाहिजे.

दादांच्या वाटेचा मार्ग

गेल्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि दादांचे सोमवारचे डायलिसिस चुकले. मंगळवारी रात्री त्यांना आडवे होता येईना, श्वास लागला. उजाडल्यावर टेम्पोतून दवाखान्यात नेले, तेव्हा छातीत पाणी झाले होते. ते वाचले. पण दर पावसाळ्यात असे नशिबावर सोडता येणार नाही, हे आम्हा सगळ्यांना कळले.

तेव्हा डॉक्टरांनी पोटाच्या डायलिसिसचा पर्याय सांगितला. आपल्या पोटाच्या आत एक नैसर्गिक पडदा असतो, तोच इथे फिल्टरचे काम करतो. छोट्या शस्त्रक्रियेने पोटात एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून साधारण दोन लिटर द्रावण पोटात सोडायचे, चार ते सहा तास ठेवायचे, मग बाहेर काढून नवे भरायचे. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी अर्धा तास. यंत्र लागत नाही, सुई लागत नाही, वीज लागत नाही, १२० लिटर पाणी लागत नाही. हाँगकाँगने १९८५ पासून सरकारी दवाखान्यांत हाच पर्याय आधी देण्याचे धोरण ठेवले आहे.

याच्याही अडचणी आहेत. रोज करावे लागते, सुट्टी नाही. महिन्याला नव्वदच्या वर पिशव्या लागतात, त्या ठेवायला कोरडी जागा हवी. द्रावणात साखर असते, त्यामुळे मधुमेही रुग्णाला जपावे लागते. सर्वात मोठा धोका पोटातल्या संसर्गाचा. पिशवी बदलताना साबणाने हात धुवायचे, तोंडाला मास्क, पंखा बंद, दार बंद. बाहेर आलेले पाणी गढूळ दिसले, पोट दुखले किंवा ताप आला, तर ती पिशवी सोबत घेऊन लगेच दवाखान्यात.

वहिनी सातवी शिकलेल्या. त्या आठवडाभरात सगळे शिकल्या. खोलीचा एक कोपरा प्लास्टिकच्या पडद्याने वेगळा केला. एकदा पाणी गढूळ आले, ते त्यांनीच ओळखले आणि वेळेत उपचार झाले. पिशव्या मोफत मिळवण्यासाठी मात्र चार महिने कागद घेऊन फिरावे लागले, तोपर्यंत नातेवाइकांनी वर्गणी काढली. आज दादा गावातल्या किराणा दुकानात हिशेबाला बसतात. दुपारी घरी येऊन पिशवी बदलतात आणि पुन्हा दुकानात जातात.

पण दादा घरी राहू शकले ते वहिनींच्या बळावर, हे विसरता येणार नाही. काकूंचे ओझे इथे वहिनींच्या खांद्यावर आले आहे.

किंटोरच्या लोकांनी काय केले

हे ओझे एका घरावर न टाकता समाजाने उचलल्याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तिथल्या वाळवंटात किंटोर नावाची आदिवासी वस्ती आहे. तिथल्या पिंटुपी लोकांना डायलिसिससाठी सुमारे ५०० किलोमीटरवरच्या ॲलिस स्प्रिंग्ज शहरात कायमचे राहायला जावे लागे. म्हातारी माणसे आपली जमीन, भाषा, नातवंडे सोडून परक्या शहरात एकटी मरत. अनेक जण त्यापेक्षा डायलिसिसच नको म्हणत.

तिथले लोक चित्रकार होते. २००० साली त्यांनी आपल्या चित्रांचा सिडनीत लिलाव केला आणि दहा लाख डॉलरांहून जास्त रक्कम उभी केली. त्यातून स्वतःची संस्था काढली आणि २००४ मध्ये किंटोरमध्येच डायलिसिस सुरू केले. ही संस्था 'पर्पल हाउस' म्हणून ओळखली जाते. पुढे तिने इतर दूरच्या वस्त्यांतही केंद्रे उघडली आणि डायलिसिसची यंत्रे बसवलेला ट्रकही चालवला.

'घरी डायलिसिस' याचा अर्थ त्यांनी आपल्या चार भिंतींत यंत्र असा घेतला नाही. आपल्या माणसांत, आपल्या गावात, प्रशिक्षित परिचारिकेच्या हाताखाली उपचार, असा घेतला. दादांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला इथे सापडते. यंत्र प्रत्येक खोलीत जाऊ शकत नाही. पण ते ६० किलोमीटर दूरच असले पाहिजे, असेही नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे

पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत हिमोडायलिसिस मिळते आणि २०१९ पासून पोटाच्या डायलिसिसचाही समावेश आहे. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला भेटावे. घरी यंत्र आणून केलेले हिमोडायलिसिस मात्र सहसा या योजनांत बसत नाही, कर्ज काढण्याआधी हे कुटुंबाला स्पष्ट सांगावे. एसटीत डायलिसिसच्या रुग्णांना प्रवास सवलत आहे, त्याच्या प्रमाणपत्राची चौकशी आगारात करून द्यावी.

ज्यांच्या वस्तीत डायलिसिसचा रुग्ण आहे, त्यांनी एक यादी करावी: कोणाचे डायलिसिस कोणत्या दिवशी, पुरात किंवा संपात गाडी कोणाची, काकूंना आठवड्यातून एक दुपार मोकळी करायला कोण बसेल. विहारात किंवा समाजमंदिरात वर्षातून दोनदा रक्तदाब आणि साखर तपासणी ठेवावी. किडनी निकामी होण्याची मोठी कारणे हीच दोन आहेत. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने खाणाऱ्यांनाही तिथेच समजवावे.

आणि मागण्या: तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात डायलिसिस आणि त्यासाठी तपासलेले पाणी, पोटाच्या डायलिसिसच्या पिशव्यांचा न चुकणारा पुरवठा, घरच्यांना मोफत प्रशिक्षण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व मोजले आहे. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत, किडनी निकामी होणे नाही. आठवड्यातले तीन दिवस यंत्राला बांधलेला माणूस मजुरीला कसा जाणार, हा प्रश्न आपल्या प्रतिनिधींना विचारायला हवा.

मागच्या महिन्यात आम्ही दादांकडे गेलो होतो. पिशवी रिकामी होईपर्यंत ते धाकट्या मुलीचे पाढे घेत होते. वहिनी बाहेर नळावर होत्या. त्यांनी आम्हाला हाक मारून सांगितले, पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावातली एक बाई पिशवी बदलायला शिकायला येणार आहे, तिला त्या स्वतः शिकवणार आहेत. त्या बाईला दवाखान्यातले प्रशिक्षणही मिळावे, म्हणून तिच्या कागदांचे काम आम्ही हाती घेतले आहे.